पिप्पो बाउदो: इटलीत राहिलेल्यांनो, आठवणी लिहा

१६ ऑगस्ट २०२५ ला रोममध्ये इटालियन टीव्हीवरचे लाडके सूत्रसंचालक पिप्पो बाउदो गेले, ८९ वर्षांचे होते. इटलीत राहिलेल्या मराठी मंडळींनी त्यांच्या आठवणी लिहाव्यात म्हणून हा धागा, सुरुवात मीच करते. २००७ मध्ये मिलानला शिकायला होते, एका आजींकडे भाड्याची खोली. रविवारी जेवणं आटोपली की आजी टीव्हीवर पिप्पोंचा रविवारचा कार्यक्रम 'दोमेनिका इन' लावायच्या आणि मलाही हाताला धरून बसवायच्या. मला भाषा धड येत नव्हती पण पिप्पोंचा शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा, खरं सांगते, क्लासपेक्षा जास्त इटालियन मी त्या सोफ्यावर शिकले.

*

मी रांजणगावच्या प्लांटमधून ट्रेनिंगला तोरिनोला गेलो होतो, २००८ चा फेब्रुवारी संपत आलेला आणि सान्रेमोचा गाण्यांचा महोत्सव चालू. तो रोज मध्यरात्र उलटेपर्यंत चालायचा, त्यामुळे सकाळी लाईनवर सगळ्यांचे डोळे लाल, आणि कँटीनमध्ये गाण्यांवरून अशी जुंपायची की आपल्याकडे मॅचवरून जुंपते तशीच. १९६८ पासून पिप्पोंनी तो १३ वेळा सादर केला आणि माझं ते वर्ष त्यांचं शेवटचं. शेजारच्या मशीनवरचा म्हातारा फोरमन बोटांवर मोजून सांगायचा, नवोदितांत १९८४ ला रामाझोत्ती, १९९३ ला लाउरा पाउझिनी, १९९४ ला बोचेल्ली, सगळे पिप्पोच्या स्टेजवर जिंकले! मला तोवर फक्त बोचेल्ली माहीत होता.

*

१९९५ चा तो प्रसंग कुणीच कसा नाही लिहिला? सान्रेमोचा महोत्सव जिथे होतो त्या आरिस्तोन थिएटरच्या गॅलरीच्या कठड्यावर एक माणूस चढलेला, उडी मारतो म्हणतोय, आणि पिप्पो कार्यक्रम सोडून वर जातात, त्याच्याशी बोलत बोलत त्याला धरतात. नंतर तो माणूस म्हणाला सगळं आधी ठरलेलं होतं, पिप्पोंनी ते मान्य केलं नाही. मी जुना व्हिडिओ पाहिलाय, मला तो प्रसंग खराच वाटतो.

*

मी वसईची, रोममध्ये एका आजोबांना सांभाळते. ते सिसिलीतल्या कातानियाकडचे, म्हणजे पिप्पोंच्या मिलितेल्लो गावापासून जवळच, त्यामुळे कायम "आमचा पिप्पो". तो कायद्याच्या पदवीची परीक्षा द्यायला रातोरात भाजीच्या ट्रकमधून कातानियाला आला होता ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल आणि दरवेळी आजोबा ती नव्यानेच सांगतात. इथे रोमच्या व्हित्तोरिए थिएटरमध्ये अंत्यदर्शनाला जायचं त्यांच्या फार मनात होतं पण त्या उन्हात रांगेत उभं राहणं शक्यच नव्हतं. मग २० तारखेला मिलितेल्लोहून अंत्यसंस्कार टीव्हीवर दाखवले. आजोबांनी सकाळीच पांढरा शर्ट इस्त्री करून मागितला, टाय माझ्याकडून बांधून घेतला, आणि संपेपर्यंत खुर्चीत ताठ बसून होते, पाणीसुद्धा घेतलं नाही.