ज्ञान आहे म्हणून नशा माफ?

कडूकारले:
'मेडिकलच्या पोरांना औषधांचं ज्ञान असतं, वीकेंडला थोडी नशा केली तरी ती सांभाळून करतात.' कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. ज्ञानाने व्यसन टळत असतं तर फेंटानिल आणि प्रोपोफॉल या भूल देतानाच्या औषधांच्या नादी लागलेले भूलतज्ज्ञ कुठून आले? डोस त्यांच्याइतका कोणाला कळतो? हॅल्स्टेडच घ्या, सर्जरीतला एवढा बाप माणूस, १८८४ मध्ये कोकेनने भूल देता येते का ते स्वतःलाच टोचून बघायला गेला आणि अडकला, ते सोडवायला मॉर्फिन, मग तेही सुटेना. कॉलेजांनी सरळ लघवीच्या टेस्ट कराव्यात, पॉझिटिव्ह आला की घरी.

रात्रपाळी:
तेव्हा कोकेन नवंकोरं होतं हो, त्याची सवय लागते हेच कोणाला धड माहीत नव्हतं. म्हणजे अज्ञानाचं उदाहरण देऊन तुम्ही ज्ञानाला झोडताय, वा! आणि टेस्टचं म्हणाल तर रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा काही आठवडे सापडतो, रात्रभर पिऊन सकाळी थरथरत्या हाताने सलाइन लावणारा मात्र साध्या टेस्टमध्ये दुसऱ्या दिवशी स्वच्छ. आमच्याकडे पिऊन ओकणारा 'पार्टीची जान' आणि जॉइंट ओढणारा 'चरसी'.

स्टेथोवाली:
परीक्षेच्या गोळ्यांबद्दल कोणीच बोलत नाही. माझी रूममेट कोणाच्यातरी मेथिलफेनिडेटवर, म्हणजे लक्ष टिकवायच्या गोळीवर, रात्री काढायची, मग छातीत धडधड, मग झोपेसाठी क्लोनाझेपाम. ज्याची गोळी होती त्याला एडीएचडी, म्हणजे लक्षच न टिकण्याचा त्रास, त्याच्या महिन्याच्या गोळ्या अर्ध्यातच संपायच्या. पण मार्क आले ना, मग ती नशा नाही!

रात्रपाळी:
गोळ्या का लागतात ते पण बोला. सलग छत्तीस तास ड्युटी करून माणूस उभा कसा राहणार? रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, हॉस्पिटलातच राहायचं हा खाक्या तुमच्या त्याच हॅल्स्टेडने रुजवला.

जुनाजाणता:
आम्हीही त्याच ड्युट्या केल्या, गोळ्या न घेता. आजकालच्या पोरांना सगळ्याला कारण लागतं.

रात्रपाळी:
काका, केल्यात ना, मग पेंगत लिहिलेली प्रिस्क्रिप्शनं किती चुकली तेही सांगा. का तेव्हा पेशंट तक्रार करत नव्हते म्हणून सगळं छान होतं?

जुनाजाणता:
तोंड सांभाळून बोल. माझ्या युनिटमधला हुशार पोरगा चेंजिंग रूममध्ये सापडला, हाताला सुई तशीच. प्रोपोफॉल. झोप आणि श्वास थांबणं यात किती अंतर असतं ते त्याला पाठ होतं. त्यालाही ड्युटीचंच कारण होतं.

स्टेथोवाली:
वाईट झालं. पण सर, त्याने आधी कोणाला सांगितलं असतं तर काय झालं असतं? 'घरी' पाठवला असता, वर कडूकारले म्हणतात तसं. आम्ही स्वतः पेशंटला मान वर न करता विचारतो, 'दारू-तंबाखू-गांजा?' तो 'कधीकधी' म्हणाला की केस पेपरवर 'व्यसनी', आणि रात्री तेच लिहिणारे हॉस्टेलच्या गच्चीवर. मग स्वतःबद्दल कोण तोंड उघडणार?

कडूकारले:
बरं, घरी पाठवायचं मागे घेतो, उपचार करा, आरती ओवाळा. टेस्ट मात्र हवीच.

रात्रपाळी:
चालेल. ड्युटीवर येताना सगळ्यांनी नळीत फुंकायचं, सुरुवात एचओडींपासून, म्हणजे विभागप्रमुखांपासून.