10×10×5 च्या डब्यात 1 सेमीचे छर्रे किती? 500, 954 की अजून काही?

उगाच_विचारतोय:
नमस्कार मंडळी, मुलगा आठवीत आहे, क्लासच्या सरांनी एक गणित घरी दिलंय आणि त्यावरून घरात दोन दिवस भांडण चालू आहे. डबा आतून 10 सेमी लांब, 10 सेमी रुंद, 5 सेमी उंच, त्यात 1 सेमी व्यासाचे छर्रे भरायचे, झाकण नीट लागलं पाहिजे, तर जास्तीत जास्त किती मावतील? पोराने डब्याचं घनफळ काढलं 500, एका छर्र्याचं 0.5236, भागाकार केला, 954 लिहिलं आणि खेळायला पळाला. मी म्हटलं अरे मधल्या पोकळ्यांचं काय, 10 गुणिले 10 गुणिले 5, सरळ 500. तर सर म्हणतात दोघांचंही चूक, 500 च्या बरंच वर जाता येतं. आता सगळ्या भिंतींना छर्रे टेकलेत, झाकणालाही टेकलेत, मग वरचे घुसवायचे कुठून? सर उत्तर सांगत नाहीत, म्हणे विचार करा.

गणितातला_ढ:
954 विसरा, तो भागाकार छर्रे वितळवून ओतायचे असतील तरच चालेल. तुमच्या 500 मध्ये प्रत्येक छर्रा खालच्याच्या बरोब्बर डोक्यावर ठेवलाय, ही सगळ्यात उधळी रचना, डब्याचा फक्त 52.4 टक्के भाग भरतो. खालच्या थरात चार छर्र्यांच्या मधे खळगा असतो ना, दुसरा थर त्या खळग्यांत बसवा. खाली 100 असतील तर वर 9×9 म्हणजे 81 च बसतील, 19 गेले, पण थर खाली धसतो, उंची 1 ने न वाढता 0.7071 नेच वाढते. मग 5 सेमीत 5 ऐवजी 6 थर होतात (1 + 5×0.7071 = 4.54). 100, 81, 100, 81, 100, 81, बेरीज 543. पोराला पायथागोरस येत असेल तर 0.7071 कुठून आलं ते त्यालाच काढू द्या, तुम्ही नका सांगू.

उगाच_विचारतोय:
अरे वा, हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे 543 फायनल समजू का?

त्रिज्या:
थांबा दादा, घाई नको. डबा उचला आणि आडव्याचा उभा करा, म्हणजे तळ 10×5 आणि उंची 10. आता हीच खळग्याची युक्ती केली की थर 50 आणि 36 चे होतात पण 13 थर बसतात, 7×50 + 6×36 = 566. डबा तोच, छर्रे तेच, नुसतं कुठली बाजू खाली ठेवली यावर 23 वाढले. कारण काय, तर प्रत्येक थरामागे उंचीत जी थोडी बचत होते ती साठत जाऊन अख्खा जादा थर व्हायला हवा, 5 सेमीत ती एकाच थरापुरती साठते, 10 सेमीत तीन थर जास्तीचे मिळतात.

आता अजून पुढे. थराच्या आतच रचना बदला. पहिली ओळ 5 ची, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पुढची ओळ 4 ची, त्यांच्या बेचक्यांत सरकवलेली, मग परत 5 ची. दोन ओळींमधलं अंतर 0.866, त्यामुळे 10 सेमीत 11 ओळी मावतात (1 + 10×0.866 = 9.66). सहा ओळी 5 च्या आणि पाच ओळी 4 च्या, झाले 50, म्हणजे चौकोनी मांडणीत होते तेवढेच, काही गमावलं नाही! वरचा थर तीन छर्र्यांमधल्या खळग्यांत बसवायचा, तो आख्खा 0.289 ने पुढे सरकतो, 9.66 + 0.289 = 9.95, अगदी काठोकाठ पण मावतो. त्यात ओळी उलट्या होतात, सहा ओळी 4 च्या, पाच 5 च्या, म्हणजे 49. दोन थरांतली उंची 0.8165, तर 1 + 11×0.8165 = 9.98, म्हणजे 12 थर. सहा थर 50 चे, सहा 49 चे.

594.

आणि हीच षटकोनी रचना डबा आडवा ठेवून केली तर थर 105 आणि 104 चे होतात पण थर पाचच, एकूण 523. म्हणजे चांगली रचना चुकीच्या बाजूवर उभी केली तर साध्या खळग्यांच्या 543 पेक्षाही कमी. मला या गणितात सगळ्यात भारी हेच वाटतं.

वर्कशॉपवाला:
कागदावर 9.98 छान दिसतं हो, पण वर शिल्लक राहिली 0.2 मिमी. प्लॅस्टिकचा डबा घेतलात तर भिंती फुगतील नाहीतर झाकण बसणार नाही. खरंच करून बघायचं असेल तर जाड पत्र्याचा किंवा ॲक्रिलिकचा चौकोनी डबा घ्या, कोपरे गोल असलेला नको. अजून एक, पहिल्या थरात एका टोकाला 3.4 मिमी फट राहते, वरचं वजन पडलं की खालच्या ओळी तिकडे पसरतात आणि सगळं गणित बिघडतं. त्या फटीत 3 मिमी जाड आणि 5 मिमी उंच पट्टी लावून टाका, वरच्या थराला ती आड येत नाही. आणि खाली कापड अंथरा, छर्रे एकदा फरशीवर सुटले की कपाटाखालून दिवाळीच्या साफसफाईतच निघतात.

शून्य_बाकी:
594 म्हणजे 62.2 टक्केच भरलं की. मी तर ऐकलंय गोल वस्तू 74 टक्क्यांपर्यंत रचता येतात, मग हे एवढं कमी का?

गणितातला_ढ:
74.05 टक्के हा आकडा भिंतीच नसल्या तरचा. केप्लरने 1611 मध्ये म्हटलं होतं की याहून दाट रचना नाही, पण सिद्ध व्हायला 1998 उजाडलं, टॉमस हेल्सने कॉम्प्युटरच्या मदतीने केलं, ते छापून आलं 2005 ला आणि कॉम्प्युटरकडून ओळ न ओळ तपासून घेतलेली सिद्धता पूर्ण झाली 2014 मध्ये. आणि बाजारात मोसंबीवाला रोज सकाळी तेच रचतो. छर्र्यांची उतरंड मोजायचं सूत्र मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, आर्यभटाने 499 मध्ये दिलंय, त्याला चितिघन म्हणतात, तळाशी त्रिकोण असलेल्या n थरांच्या ढिगात n(n+1)(n+2)/6 गोळे. अर्थात ते मोजणीचं, दाटपणाचं नाही, उगाच व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

तुमच्या डब्यात भिंतीलगतची जागा फुकट जाते, 4 च्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना अर्ध्या अर्ध्या छर्र्याची फट बघा. डबा जितका मोठा तितकं हे नुकसान किरकोळ होत जातं.

पण त्या 74 चा इथे एक उपयोग आहे. असेच भरलेले डबे एकाला एक चिकटवत सगळीकडे पसरले असं समजा, तर ती अख्ख्या अवकाशाची रचना झाली आणि ती 74.05 च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून एका डब्यात 500×√2 म्हणजे 707 च्या वर छर्रे कुणाच्या बापाला बसवता येणार नाहीत. 594 बसतात हे त्रिज्याताईंनी दाखवलं, 708 बसत नाहीत हे हेल्सच्या जिवावर मी दाखवलं. 595 बसत नाही हे या धाग्यात अजून कोणी दाखवलेलं नाही, तेव्हा वहीत "जास्तीत जास्त 594" असं ठोकून लिहू नका, "किमान 594 बसतात" असं लिहा.

उगाच_विचारतोय:
लई भारी. पोरगं आता 600 छर्रे आणून द्या म्हणतंय. एवढे कुठून आणू?

त्रिज्या:
66 आणा. 4×4×4 सेमीचा पुठ्ठ्याचा डबा करा, सरळ रचले तर 64. खळग्यांत बसवले तर 16, 9, 16, 9, 16 असे पाच थर, उंची 3.83, म्हणजे 66. 3×3×3 ला मात्र हीच युक्ती आपटते, 27 चे 22 होतात, तेही करून बघायला सांगा त्याला.

वर्कशॉपवाला:
पुठ्ठ्याचाच असेल तर बाहेरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, नाहीतर भिंती बाहेर सरकून 70 पण बसतील.