आठ महिन्यांच्या बाळाला हाताने खायला काय आणि कसं द्यावं? (दात अजून नाहीत)

पेजभात :
मुलगी परवा आठ महिन्यांची झाली. सहाव्या महिन्यापासून नाचणीची पेज, मुगाचं वरण-भात, सफरचंदाचा कीस, सगळं मऊ गुरगुट करून चमच्याने देते. आता ती चमचा ओढून घेते आणि आमच्या ताटात हात घालते. हातात द्यायचं तर काय? गाजराचा कच्चा तुकडा चघळायला द्या असं काहीजण सांगतात. सासूबाईंचं म्हणणं मारी बिस्किट चहात नाही तर दुधात बुडवून द्यावं. दात एकही नाही, त्यामुळे घशात अडकेल याचीच धास्ती. तुकडा किती मोठा, किती शिजलेला, आणि ठसका लागला तर काय करायचं, हे नीट सांगाल का?

उकडहंडी :
दातांची वाट बघू नका. चावायच्या दाढा वर्षानंतरच येतात, तोवर बाळं हिरड्यांनीच चिरडतात आणि त्या हिरड्यांत चांगला जोर असतो. फक्त पदार्थ हिरडीने चिरडता येईल इतका मऊ हवा. त्याची परीक्षा अशी: तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. पिठल्यासारखा पसरला तर द्या. रबरासारखा परत फुगला किंवा कट्कन मोडला तर परत वाफेवर ठेवा. या परीक्षेत कच्चं गाजर, कच्चं सफरचंद आणि काकडीची चकती तिथेच नापास होतात. कच्च्या गाजराचा दोष हा की हिरडीखाली ते झिजत नाही, एकदम टणक ढलपी सुटते आणि ती थेट मागे जाते.

आकाराचं गणित वयाप्रमाणे बदलतं. सहा ते आठ महिन्यांचं बाळ अख्ख्या मुठीत धरतं, मुठीच्या आत गेलेला भाग त्याला खाता येत नाही. म्हणून तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा, ५ ते ६ सेंमी लांब, म्हणजे मुठीच्या वर निम्मा तरी उरतो. लहान तुकडा जास्त सुरक्षित असं वाटतं खरं, पण या वयात तो मुठीत हरवतो, नाही तर न चावता सरळ आत जातो. नवव्या-दहाव्या महिन्यात चिमटीने उचलता येऊ लागलं की शिजलेल्या वाटाण्याएवढे मऊ तुकडे द्यायचे. तुमची मुलगी मधल्या टप्प्यावर आहे, तेव्हा ताटात दोन्ही ठेवा.

पहिल्या आठवड्यासाठी रताळं घ्या. साल काढून बोटाएवढ्या फोडी करा, इडलीपात्रात १० ते १२ मिनिटं वाफवा. कुकर लावायचा असेल तर फोडी पाणी न घालता डब्यात ठेवा आणि एकच शिट्टी, कारण पाण्यात शिजलेलं रताळं हातात घेताच लगदा होतं. गाजराला १५ मिनिटं तरी लागतात. लाल भोपळा ७-८ मिनिटांतच होतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. बीट दिलंत तर दुसऱ्या दिवशी शी लाल दिसेल, घाबरू नका.

केळं सोलून टोकाशी अंगठा दाबलात की ते आपसूक उभ्या तीन भागांत फुटतं, तेच बाळाच्या हातचं माप. निसटत असेल तर भाजलेल्या नाचणीच्या पिठात एकदा लोळवा. पिकलेल्या आंब्याच्या आणि पपईच्या फोडीलाही हीच युक्ती.

धिरडंतूप :
फळं-भाज्या ठीक, पण नुसत्या त्यावर थांबू नका. पोटात असताना साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतं आणि आईच्या दुधात ते कमी असतं. तेव्हा हातात द्यायच्या खाण्यात डाळ, अंडं, मासे हवेतच.

मुगाचं धिरडं असं करा: अर्धी वाटी पिवळी मूगडाळ दोन तास भिजवून अगदी थोड्या पाण्यात वाटा. त्यात दोन चमचे नाचणीचं पीठ, पाव वाटी किसलेला दुधी आणि चिमूटभर जिरेपूड. मीठ नको, वर्षापर्यंत नकोच, साखर आणि गूळसुद्धा नको. तव्यावर अर्धा चमचा तूप सोडून मिश्रण अर्धा सेंमी जाड घाला, मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शिजवा. चूक नेहमी इथेच होते: आपल्या सवयीने धिरडं पातळ आणि कुरकुरीत केलं जातं. कुरकुरीत कड टोचते आणि टाळूला चिकटते. उत्तप्याइतकं जाड ठेवा, कडा कापून टाका, मधल्या भागाच्या उभ्या पट्ट्या करा. सोबत संत्र्याची फोड, वरचा पापुद्रा आणि बिया काढून. क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं.

याच कारणाने चहात बुडवलेलं बिस्किट नको, चहा लोह शोषू देत नाही. शिवाय ते मैदा-साखरच, आणि ओलं झालं की त्याचा चिकट गोळा टाळूला लागतो. सासूबाईंना हातात काहीतरी द्यायचंच असेल तर हीच धिरड्याची पट्टी त्यांच्या हातून द्या, त्यांनाही बरं वाटेल. कोरडी चपातीही तशीच चिकटते, ती वरणात पाच मिनिटं भिजवून.

अंड्याचं पूर्ण शिजलेलं ऑम्लेट पट्ट्या करून द्या. उकडलेल्या अंड्याचा कोरडा बलक घशाला बसतो. सुरमई किंवा पापलेट उकडून, बोटांनी कुस्करून काटे तपासा. पेडवे-मांदेली या वयाला नको, त्यांचे बारीक काटे सगळे हाताला लागत नाहीत.

पेजभात :
खूप मदत झाली. शेंगदाणा आणि अंडं वर्षानंतरच द्या असं ऐकलं होतं. आणि ठसक्याचं सांगा ना कुणीतरी.

वाटीचमचा :
वर्षभर थांबायचा सल्ला आता जुना झाला. २०१५ साली ब्रिटनमधल्या 'लीप' चाचणीत ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला, तेव्हा त्यांच्यातली शेंगदाण्याची ॲलर्जी खूप कमी झाली. मात्र अंगावर जोराचा इसब असेल किंवा अंड्याने आधी त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारूनच. एरवी भाजलेल्या दाण्याचा कूट मिक्सरमधून अगदी बारीक करून चाळून घ्या. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर येईल इतका पेजेत मिसळा, १०-१५ मिनिटं थांबून मग उरलेली पेज. हे सकाळी करा, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं, आणि त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. अंगावर गांधी, ओठ सुजणं, लागोपाठ उलट्या झाल्या तर थांबवा. श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, चणे-फुटाणेही नाहीत. द्राक्षं उभी चार भागांत चिरून. कोरडे कुरमुरे, लाह्या, डाळिंबाचे दाणे, बोरं, चिक्कीचे तुकडे बाळापासून लांब. मध वर्षाआधी चाटवायचासुद्धा नाही, त्यातल्या जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, आणि मध शिजवल्याने ते मरत नाहीत.

आता ठसका. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उमासा आला तर चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, खोकल्याचा आवाज येतो. तो येणारच, बाळ तुकडा स्वतः पुढे ढकलतं. तेव्हा तोंडात बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो. आवाज नाही, रडणं नाही, ओठ निळे पडतायत तर ते गुदमरणं. लगेच बाळाला पालथं आपल्या हातावर घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, हनुवटीला आधार. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थपके द्या. तुकडा नाही निघाला तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच दाब. हे आलटून पालटून करत राहा, आणि घरातल्या दुसऱ्याला तेव्हाच १०८ लावायला सांगा. हे वाचून कळत नाही, एकदा प्रशिक्षण घ्या आणि घरातल्या सगळ्यांना घ्यायला लावा, बाळ सांभाळणाऱ्या मावशींनासुद्धा.

उकडहंडी :
एक राहिलं, बसवायचं कसं. पाठ ताठ, पाय टेकलेले. झोळीत, वॉकरमध्ये, कडेवर फिरवताना किंवा हसवत-हसवत भरवायचं नाही. शेजारी माणूस बसलेला हवा. घास बाळाने स्वतः उचलायचा, आपण तोंडात टाकायचा नाही.

पेजभात :
रताळं आजच करते. पण निम्मं खाली टाकलं तर पोट भरणार कसं?

धिरडंतूप :
पहिले दोन-तीन आठवडे टाकणारच. दिवसातल्या दोन-तीन जेवणाच्या वेळा तुमच्या चमच्याच्याच ठेवा, सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, हळूहळू अर्धी वाटी, आणि दूध चालू. हातात द्यायचं ते त्याच वेळी, जेवणाच्या सुरुवातीला, भूक असताना. एका वेळी ताटात दोनच फोडी ठेवा. सहा ठेवल्या की सहाही खाली जातात.