मदत हवी आहे: बाबा बीपीची गोळी मध्येच बंद करतात
बाबा ६८, आम्ही ठाण्यात नौपाड्याला. अ‍ॅम्लोडिपिन ५, रोज सकाळी एक, पण रीडिंग जरा खाली आलं की "आता बरा आहे मी" म्हणून स्वतःच बंद, मग परत १७०. साइड इफेक्ट नाही, पैशाचा प्रश्न नाही, विसरतही नाहीत (परवा गादी उचलली तर खाली अख्खी स्ट्रिप!). डबा, अलार्म, डॉक्टरांचा दम, सगळं झालं, स्ट्रोकची भीती घातली तर उलट चिडतात.

एक मैत्रीण म्हणाली, माणसाला जे जपायचंय त्याच्याशी गोळी जोड. आता बाबांचं एकच, कुणावर ओझं व्हायचं नाही. पहाटे तलावपाळीला दोन फेऱ्या मारून कौपिनेश्वराला जाणार, बँकेची कामं स्वतः करणार, रिक्षात चढताना कुणी हात धरलेला चालत नाही. म्हणजे धागा आहे हातात, पण मी बोलायला गेले की ते इमोशनल ब्लॅकमेलच वाटतं आणि "तू मला शिकवू नको" वर गाडी अडते. ज्यांनी घरी किंवा पेशंटबरोबर असं केलंय त्यांनी सांगा ना, सुरुवातीचा प्रश्न नेमका काय विचारायचा म्हणजे गोळीचा विषय मी न काढता तेच काढतील?