पावसाळ्यात लेपर्ड गेकोच्या पिल्लाला ओलं बीळ द्यावं का?

खारवारा
मृगापासून गणपतीपर्यंत रत्नागिरी-मालवण पट्ट्यात हवेची आर्द्रता बहुतेक वेळ 85 टक्क्यांच्या वर असते. लेपर्ड गेको (घरी पाळली जाणारी एक पाल) मूळचा अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. टाकीत 30-40 टक्के त्याला पुरतात. तरी सगळे सांगतात तीन बिळं, म्हणजे लपायच्या जागा, करा: गरम, थंड आणि कात सुटायला ओलं. माझं मत, कोकणात हे चार महिने ओलं बीळ काढूनच टाकावं. त्यातलं ओलं मॉस (शेवाळ) लवकर बुरसतं, पिल्लू त्यातच बसून राहतं, पोटाखालची कातडी लाल होऊन फोड येतात. तळाला साधा किचन टॉवेल आणि कोरडी टाकी, एवढंच ठेवा.

चिरेबंदी
अजिबात पटलं नाही. 27 अंशांची, 90 टक्के दमट हवा 32 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 67 टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे हीट मॅटवरची (टाकीचा तळ तापवणाऱ्या पट्टीवरची) जागा तुम्ही समजता तेवढी ओली नसतेच. पिल्लं साधारण दर दोन आठवड्यांनी कात टाकतात. बोटावर राहिलेली कात दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं. दोष बिळाचा नाही, मॉसचा आहे. श्रीखंडाच्या डब्याला पिल्लू सहज शिरेल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत पिळून घेतलेला किचन टॉवेल घाला आणि रोज सकाळी बदला. डबा अर्धा मॅटवर, अर्धा बाहेर. आणि टाकीला नुसती वरून नको, दोन्ही बाजूंनी जाळी हवी. लोखंडी जाळी खाऱ्या हवेत गंजते, स्टीलची लावा.

रातकिडा
बिळावरून वाद चाललाय, पण पिल्लं आजारी पडतात ती थंडी आणि ओल एकत्र आल्यावर. थर्मोस्टॅटचा (तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा) सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. हवा लवकर तापत नाही, मॅट चालूच राहते आणि पोट भाजतं. सेन्सर गरम बिळाच्या आत, जमिनीला टेकवून चिकटवा आणि 32 अंशांवर लावा. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागापुरतीच, म्हणजे थंड बाजू 25-26 वर राहते. लाईट गेली तर त्या रात्री खायला घालू नका. अंगाला ऊब नसेल तर पोटातलं पचत नाही. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा नाकाशी बुडबुडे दिसले तर मात्र थांबू नका, सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गाठा.

सुरूचं बन
टॉवेलऐवजी किनाऱ्याची वाळू धुऊन घातली तर?

रातकिडा
नको. पिल्लू किड्यावर झेप घेताना वाळू गिळतं आणि आतडं तुंबतं. त्यात शिंपल्यांचा चुरा असतो तो वेगळाच. चिऱ्याचा तुकडाही नको, ओल धरतो. मंगलोरी कौलाचा तुकडा थंड बाजूच्या बिळाला छान. टाकीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या आधी पिल्लासाठी ठेवलेले रातकिडे खातील, मग पिल्लाला चावतील. आणि मे अखेरीस घरात येणारे काजवे चुकूनही देऊ नका. काही जातींत पालींना मारणारं विष असतं.

खारवारा
हवा तापल्याचा हिशेब मान्य. बोटांचा मुद्दाही मान्य. तरी बीळ कायम कशाला? अंग पांढुरकं पडलं की दोन दिवस ठेवा, कात पडली की काढा.

चिरेबंदी
मोठ्या गेकोला चालेल. पिल्लू रात्रीत कात टाकून स्वतःच खाऊन टाकतं, तुम्हाला सकाळी काहीच दिसत नाही. म्हणून बीळ कायम ठेवा आणि आठवड्यातून दोनदा टॉर्च घेऊन वीसही बोटं बघा. कात अडकली असेल तर 30 अंशांच्या कोमट पाण्यात, जेमतेम पोटाला लागेल इतक्याच, 15 मिनिटं ठेवा. मग ओल्या कापसाच्या काडीने बोटाच्या टोकाकडे हळू लोटा. सुटत नसेल तर ओढू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवा.