लिलियस एडीने कबुली का दिली असेल?

रानवारा:
स्कॉटलंडमधल्या चेटकिणींच्या खटल्यांबद्दल वाचतेय आणि लिलियस एडीपाशी अडकलेय. फाइफमधलं टोरीबर्न गाव, साल 1704. शेजारणीने आळ घेतला आणि या बाईने चक्क कबूल केलं की हो, सैतानाशी माझा संबंध आला. खटला उभा राहायच्या आधीच ती कोठडीत वारली. मरण समोर दिसत असताना असं कोण कबूल करतं? मारहाण करून वदवून घ्यायचे का?

जुनीवही:
बहुतेक ठिकाणी मारहाणीची गरजच पडायची नाही, झोपू द्यायचे नाहीत. पाळीपाळीने माणसं बसवायची, बाईचा डोळा लागला की हलवून उठवायचं, दिवसरात्र हेच. काही रात्रींनी भास व्हायला लागतात आणि पाद्री तर विचारतच असतो, सैतान कुठे भेटला, कपडे कसले होते, मग तशी उत्तरं येतातच ना! वर अंगात सुया टोचायच्या, जिथे दुखलं नाही तिथे सैतानाची खूण. यासाठी पैसे घेऊन फिरणारे लोक होते, 1662 मध्ये क्रिश्चन कॅडेल नावाची बाई पुरुषाचा वेश करून हे काम करताना पकडली गेली.

रानवारा:
बापरे. पण मग कोर्ट काय करत होतं?

सावळाढग:
चेटूकविरोधी कायदा 1563 चा, रद्द झाला 1736 ला. गावातली चर्चची समिती जबान्या गोळा करायची, मग एडिनबराहून परवानगी आणून बरेचदा तिथलेच जमीनदार न्यायाला बसायचे, म्हणजे सगळे आधीच ठरवून आलेले. सुमारे 3,800 आरोपींची नोंद मिळते, त्यात 84 टक्के बायका. दोषी ठरली की सहसा आधी गळा आवळायचे, मग जाळायचे.

पण लिलियसचं मला वेगळंच महत्त्वाचं वाटतं. यांना कबुलीपेक्षा पुढची नावं हवी असायची, एकीकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी. हिला विचारलं बाकीच्या कोण होत्या, तर म्हणाली तोंडं झाकलेली होती, ओळखता आल्या नाहीत. साठीच्या आसपासची, थकलेली बाई, आणि एवढ्या दबावात हे सुचलं! मेल्यावरही भीती होतीच लोकांना, समुद्रकाठच्या चिखलात पुरून वर जड शिळा ठेवली. एकोणिसाव्या शतकात थडगं उकरलं, कवटी सेंट अँड्रूजला गेली आणि पुढे गहाळ झाली. कवटीच्या जुन्या फोटोंवरून 2017 मध्ये डंडी विद्यापीठात तिचा चेहरा बनवलाय, तो नक्की बघ.