घरी 'निळी लाइट' लावताना: अनुभव धागा, सातारा-सांगली

बाळंतीण घरी येते, चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसतं, रक्त तपासून डॉक्टर म्हणतात, 'घरीच लाइट लावा', म्हणजे बाळाच्या काविळीवर निळ्या प्रकाशाचा उपचार. ज्यांच्या हाताखालून अशी बाळं गेली आहेत त्यांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको. काय करायचं आणि कुठे चुकतं, तेवढं सांगा.

बालरोगतज्ज्ञ, मिरज
कोणाला घरी ठेवायचं नाही ते आधी. पहिल्या 24 तासांत पिवळं झालेलं, 38 आठवड्यांआधी जन्मलेलं, नीट न पिणारं, आईशी रक्तगट न जुळल्याने रक्तपेशी फुटणारं, आधी एकदा लाइटखाली राहिलेलं: ही सगळी बाळं दवाखान्यातच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या 2022 च्या मार्गदर्शिकेनुसार बाळ किमान 48 तासांचं हवं, बिलिरुबिन (रक्तातला पिवळेपणा आणणारा घटक) लाइट सुरू करायच्या मर्यादेपेक्षा दर डेसिलिटरला फार तर 1 मिलिग्रॅमने वर चालेल आणि रक्त रोज तपासता आलं पाहिजे. ही मर्यादा बाळाच्या तासांवर ठरते. दोन दिवसांच्या बाळाचा 13 आणि पाच दिवसांच्या बाळाचा 13 एक नव्हे, म्हणून जन्मवेळ कागदावर लिहून आणा. रोजच्या तपासणीला गाडी आणि रस्ता नसेल तर घरी लाइट लावू नका. कृष्णेला पाणी चढलं असताना तर मुळीच नाही.

यंत्र भाड्याने देणारे, कराड
घेताना प्रकाशाचा जोर मोजणारं मीटर लावून दाखवायला सांगा. बाळ निजेल त्या उंचीवर 30 किंवा जास्त मायक्रोवॅट (दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला) हवेत. प्रकाश 460 ते 490 नॅनोमीटरचा. कडेला आकडा कमी येतो, म्हणून बाळ बरोबर मधोमध. उंची माहितीपत्रकात लिहिलेलीच ठेवा. 'डोळ्यांना त्रास होतो' म्हणून कोणीतरी स्टँड वर सरकवतं आणि लाइटचा जोर निम्मा होतो. एलईडीच घ्या, जुन्या सीएफएल नळ्या पेटलेल्या दिसल्या तरी आतून मंदावलेल्या असतात. सजावटीचा निळा बल्ब चालत नाही आणि डास मारायची निळी नळी तर धोक्याची, त्यात अतिनील किरण असतात.

वीज गेल्यावरचा हिशेब: 60 वॅटचं युनिट 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर एकटं असेल तर रात्र निघते. फ्रिज त्याच इन्व्हर्टरवर नको. रात्री निळ्या उजेडाला किडे येतात, तर खिडकीला जाळी लावा. बाळ आणि दिवा यांच्यामध्ये मच्छरदाणी आली की तेवढा प्रकाश कमी. भोवतीनं पांढरं कापड सोडलं तर उजेड परत फिरतो.

नवजात कक्षातील परिचारिका, सातारा
कराडच्या दादांचं बाकी सगळं बरोबर, पण घरी कापड सोडू नका. यंत्राच्या पंख्याची जाळी झाकली जाते आणि बाळ दिसत नाही.

अंगावर फक्त छोटा लंगोट, डोळ्यांवर पट्टी. पट्टी घसरून नाकावर येते, म्हणून बाळाजवळ सतत कोणीतरी जागं हवं. दर चार तासांनी काखेत ताप पाहा: 36.5 ते 37.5 सेल्सिअस. महाबळेश्वर, पाचगणीकडे हिवाळ्यात उघडं बाळ गार पडतं, खोली आधी ऊबदार करा. निळ्या उजेडात ओठ काळे पडले तरी कळत नाहीत. मधूनमधून दिवा बंद करून पांढऱ्या उजेडात बघा.

दर दोन-तीन तासांनी पाजा. प्रकाशाने बिलिरुबिनची घडण बदलते आणि ते पित्तावाटे, लघवीवाटे निघतं. दूध कमी पडलं की तेही अडतं. पाणी, ग्लुकोज, गुटी, मध यांतलं काही नको. दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हावेत. शी पातळ, हिरवट होते, ती अपेक्षितच. पाजताना पट्टी काढा, आईचा चेहरा दिसू द्या.

आशा गटप्रवर्तक, जावळी
बाळाच्या दुपट्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या ठेवू नका. जी-6-पीडी (रक्तपेशींना सांभाळणारं एक विकर) कमी असलेल्या बाळाच्या रक्तपेशी त्या वासानेही फुटतात आणि लाइट असूनही आकडा चढतो. अंगाला हळद लावली की पिवळेपणा कळत नाही. कोवळं ऊन हा उपचार नाही, ऊन मोजता येत नाही.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली
रक्ताची नळी काळ्या कागदात गुंडाळून आणा. उजेडात आकडा खोटा कमी येतो. लाइट सुरू झाल्यावर कातडीचा रंग आधी उतरतो, म्हणून नुसत्या नजरेवर किंवा कपाळाला लावून बिलिरुबिन मोजायच्या यंत्रावर विसंबू नका.

बालरोगतज्ज्ञ, मिरज
एक राहिलं. आकडा सुरुवातीच्या मर्यादेच्या 2 मिलिग्रॅम खाली आला की लाइट बंद, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. बंद केल्यावर साधारण 24 तासांनी पुन्हा रक्त, कारण तो परत चढू शकतो. बाळ पिईना, मऊ पडलं, धनुष्यासारखं ताठ झालं किंवा किंचाळून रडू लागलं तर यंत्राशी खेळत बसू नका, 108 ला फोन करा. दोन आठवड्यांनंतरही पिवळं राहिलं आणि शी पांढुरकी असेल तर ते दुखणं निराळं, लाइटनं सुटणारं नाही. पित्ताचा मार्ग तपासावा लागतो आणि शस्त्रक्रिया लागलीच तर ती 60 दिवसांच्या आत झालेली बरी.